खंडूची मिशी आणि कमर्शियल क्लास

खंडूची अर्धी मिशी खाली पडली तेव्हा मी शेजारच्या गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होतो.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचं सांगतो. लोणावळ्याच्या बाजारात माझं हेअर कटिंग सलून होतं. सलून म्हणजे दोन खुर्च्या, एक आरसा. माझा भाचा वसंता पुण्याच्या कमर्शियल क्लासचं सर्टिफिकेट घेऊन आला. धंदा कसा वाढवावा ते तिथं शिकवायचे. मी नुसती चार बुकं शिकलेला. त्याचं ऐकलं.

"मामा, डिव्हिजन ऑफ लेबर," तो म्हणाला. म्हणजे कामाची वाटणी. मी नुसता साबण लावायचा, त्याने नुसता वस्तरा चालवायचा. काम खरंच झटपट उरकायला लागलं.

"मिशीला हात लावू नका," असं वडिवळे गावचा खंडू मला बोलला होता. मी ते वसंताला सांगितलं नाही. माझ्या ब्रशचा फेस अर्ध्या मिशीवर गेलेला. वसंताने फेस दिसला तेवढा साफ केला. अर्धी ठेवून काय करणार? उरलेली पण काढली.

आमच्याकडे बाप मेला की मिशी काढतात. खंडूचा बाप धोंडिबा वलवणला लेकीकडे राहायला गेलेला. खंडू तसाच घरात शिरला. बायकोने बघितलं आणि गळा काढला. खंडूचं कोण ऐकतंय? आळी गोळा झाली. संध्याकाळी धोंडिबा परत आला. दारात रडारड बघून त्याने पण पागोटं काढलं.

"अरं, गेलं कोण?"

दुसऱ्या दिवशी म्हातारा काठी घेऊन दुकानात हजर.

"कुटं हाय तो शिकल्याला? मला जित्तेपणी मारला!"

"आबा, चूक झाली," वसंता म्हणाला.

"भावानं लाकडं काढली व्हती सरणाला! आता वडिवळ्याचं एक डोस्कं हितं येनार न्हाई!"

माझं निम्मं गिऱ्हाईक तिकडचं. दुकानाला कुलूपच लागलं असतं. तेवढ्यात मागून माझी बायको सरू चहा घेऊन आली.

"घ्या आबा. तेराव्याला गोड काय करू, तेवढं सांगा."

म्हाताऱ्याने चहा हातात घेतला. मग असा हसला की चहा धोतरावर सांडला. "बुंदी कर," म्हणाला.

अशी बोलणारी होती सरू. आता इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात गेली. तिच्या तेराव्याला गोड काय करायचं, ते मी कुणाला विचारणार होतो?

धोंडिबा हसला तशी वसंताने संधी साधली. "आबा, खंडूची मिशी येईपर्यंत दर बाजारी तुमची दाढी फुकट. फक्त दारातल्या खुर्चीत बसायचं." क्लासात याला जाहिरात म्हणतात.

बाजाराला आलेला जो तो मेलेला धोंडिबा बघायला थांबायचा.

"हायेस व्हय अजून?"

"हाय की! बस, दाडी करून घे."

बसायला बाक पुरेना. महिनाभरात मी तिसरी खुर्ची आणली. खंडूची मिशी आली, धोंडिबा मात्र फुकटच्या खुर्चीतून उठला नाही. पुढं लय वर्षं जगला.

बोलणी सगळी वसंताने खाल्ली. साबण कुणी लावला, ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. काम वाटून घेतलं की चूक कुणाची ते कळत नाही. क्लासात हा फायदा शिकवतात का, ठाऊक नाही.