मचमच मावशी

मचमच मावशी जेवायला बसली की आवाज अंगणवाडीबाहेरच्या हापशापर्यंत जायचा. खोटं नाही सांगत. काकडी असो, मुळा असो, उकडलेलं रताळं असो, तिच्या तोंडात गेलं की त्याचा गाजावाजा व्हायचाच. मी खोपोलीत वाढलेली, नव्यानं लागलेली सेविका. आईनं आम्हा भावंडांना तोंड मिटून चावायला शिकवलेलं. आणि पहिल्याच दिवशी ही आमची मदतनीस समोर मांडी ठोकून असा काही मुळा खाऊ लागली, की मला कुठे बघावं कळेना. भिवपुरीच्या वरच्या अंगाला डोंगराखाली तिची वाडी, तिथेच आमची अंगणवाडी. मनात म्हटलं, हिला जरा वळण लावावं लागणार. वळण कुणाला लागलं ते सांगतेच.

आठवडाभरात माझ्या लक्षात आलं, की हा आवाज म्हणजे तिचं काम होतं. आमची पोरं खिचडी खायची, पण त्यातला भोपळा, गाजर, वाटाणा वेचून ताटाच्या कडेला लावायची. मी गोष्टी सांगायचे, घासाचं विमान करायचे, शेवटी डोळे वटारायचे. मावशी पोरांकडे पाठ करून बसायची आणि त्यांनी टाकलेलाच भोपळा आपल्या ताटात घेऊन मचमच सुरू करायची. जरा वेळानं एकेक मान वळायची. एखादं पोर सरकत सरकत समोर यायचं, तरी ही आपली खातेच आहे. मागितल्याशिवाय द्यायचं नाही, हा तिचा कायदा. "खा म्हनलं की पोर तोंड मिटतं गं बाय," ती मला म्हणाली. "ते ताटाकडं बगत नाय. आपल्या तोंडाकडं बगतं."

फक्त सुगी तिला दाद देत नव्हती. सुगी म्हणजे वाडीतल्या कमळची साडेतीन वर्षांची मुलगी. कमळ सकाळीच पाटी घेऊन निघायची. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पावसाळ्यात रानभाज्या. कधी कर्जतचा बाजार, कधी माथेरानची वाट. येताना सुगीला वेफरचं पाकीट आणायची. जांभळं शहरातल्या पोरांच्या पोटात आणि शहरातलं पाकीट सुगीच्या! कमळला यात काही वावगं वाटायचं नाही. पाटी विकून आल्यावर लेकीचा एवढाच तर लाड करता येत होता. पण वजनाच्या तक्त्यावर सुगीचा ठिपका लाल पट्ट्याला टेकला होता. पुढच्या वजनाला तो वर सरकला नाही, तर तिला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं होतं. कमळच्या पदरात दुसरं तान्हं होतं आणि ते कुणाकडे सोपवायचं, या धास्तीनं तिची झोप उडाली होती.

मावशी महिनाभर सुगीसमोर खात राहिली. आणि मेच्या शेवटी सुगीनं एक जांभूळ मागितलं! एकच. तिची जांभळी जीभ बघून आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरून गिरक्या घ्यायच्या बाकी ठेवल्या होत्या.

त्या आनंदात मी घोटाळा केला. जूनमध्ये मावशी दोन दिवस बहिणीकडे खालापूरला गेली होती आणि बाजारात शेवळं आली होती. म्हटलं, मावशी यायच्या आत पोरांना रानभाजी खायला लावून तिला चकित करू. शेवळांच्या जुडीबरोबर बाया काकडं देतात, ती हिरवी आंबट फळं. मला वाटायचं, ती नुसती चवीपुरती; शेवळांची खाज त्यांनीच मरते, हे कुठे ठाऊक होतं! मी ती बाजूला ठेवली आणि भाजी झोकात खिचडीत मिसळली. पहिल्या दोन घासांतच पोरांचे घसे असे खाजायला लागले, की अंगणवाडीत रडारड. कोकमाचं पाणी पाजलं, गूळ दिला. संध्याकाळपर्यंत सगळी हुंदडायला लागली, पण दुसऱ्या दिवशी माझ्या हातात वाढायचा डाव बघितला तरी तोंडं घट्ट मिटायची. सुगीची तर सगळ्यात घट्ट. कमळ भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "एक जांबूळ मागितलं हुतं माज्या पोरीनं. ते बी तुमी घालवलं." मी घरी जाऊन पोटभर रडले.

मावशीनं परत आल्यावर सगळं ऐकलं आणि आधी खो खो हसून घेतलं. मग त्याच संध्याकाळी तिनं सगळ्या आयांना अंगणवाडीत जेवायला बोलावलं. पोरांनी नुसतं बसायचं, जेवायचं आयांनी. पुन्हा शेवळंच, पण या वेळी काकडं घालून. बाया हसायलाच लागल्या. शेवळं काय घरी खायची असतात? ती विकायची. कमळ म्हणाली, तिनं लग्नाआधी कधीतरी खाल्ली होती.

पहिला घास मावशीनं मला खायला लावला, सगळ्यांच्या देखत. मी जीव मुठीत धरून गिळला. घसा गप्प! मग बाया बसल्या आणि बोलता बोलता त्यांच्या भाकऱ्या कधी संपल्या ते त्यांनाच कळलं नाही. कमळनं तर डोळे मिटून घेतले होते. मांडीवरची सुगी मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होती. आईला असं चवीनं खाताना तिनं कधी बघितलंच नसावं. तिनं आईच्या ओठाला बोट लावलं आणि म्हणाली, "मला."

कमळनं मावशीकडे बघितलं. मावशी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसली होती. कमळनं घास दिला, सुगीनं खाल्ला आणि पुन्हा तोंड उघडलं. मी आनंदानं ओरडणारच होते, मावशीनं मला कचकन चिमटा काढला. घरी जाताना मात्र तिचेच डोळे भरून आले. "मी म्हैनाभर मचमच केली गं," ती म्हणाली, "पन आईचं तोंड ते आईचं."

वाडीवर पहिली रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी खात नाही. मावशीनं देवापाठोपाठ आई आणि पोर असा नंबर लावून दिला. पाटी डोक्यावर चढण्याआधी एक जुडी घरात राहू लागली. पुढच्या वजनाला सुगीचा ठिपका लाल पट्टा सोडून वर सरकला, आणि या खेपेला मी मनसोक्त ओरडले.

मावशी आता नाही. पण गेल्या भादव्यातली एक दुपार मी विसरणार नाही. ती निवृत्त झालेली, दात गेलेले, तापानं अंथरूण धरलेलं. आठवडाभर तिनं अन्नाला शिवलं नव्हतं. सून बिचारी "आई, खा, आई, खा" करून थकली होती. मी केळं सोलून पुढे केलं, तर मावशीनं तोंड मिटून घेतलं.

तेवढ्यात कमळबरोबर सुगी आली. दुसरीत गेलेली, चांगली ठसठशीत. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. परसातली काकडी तोडून आणली, मावशीकडे पाठ करून बसली आणि खायला लागली. काय तो आवाज! मला हसू आवरेना आणि रडूही. सून काकडीची फोड मावशीला द्यायला निघाली, तर सुगीनं हातानंच तिला थांबवलं आणि मचमच चालू ठेवली.

मावशीनं डोळे उघडले. हळूहळू मान वळवली आणि सुगीच्या हलणाऱ्या गालाकडे बघत राहिली.

"मला," मावशी म्हणाली.

सुगी पळत किसणी आणायला गेली.