फ्राऊ म्युलरचं अर्धं वाक्य

माझ्या ताईवर अन्याय झाला. २००६ सालच्या मे महिन्यात, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, गोडदेवला, आमच्याच घरात. अन्याय करणारा मी.

ताईची फोनवर मुलाखत होती. एका कॉल सेंटरला जर्मन बोलणारी माणसं हवी होती. ताई जर्मन शिकलेली, आणि मी मोर्चांची पत्रकं लिहिणारा (म्हणजे भाषेतला तज्ज्ञच!), म्हणून तयारी मी करून घेत होतो.

“जर्मनमध्ये वाक्यातली पहिली जागा आपल्या मर्जीची,” ताई म्हणाली. “समोरच्याने ‘कधी’ विचारलं, तर ‘काल’पासून सुरू करायचं. घडून गेलेलं सांगताना मुख्य क्रियापद मात्र पार शेवटी. तोवर ऐकणारा लटकलेला.”

“‘काल’? अगं, ‘काल’साठी कोण रस्त्यावर उतरणार? पीडित आधी! मग अन्याय, सविस्तर!”

“गप रे. सरावाला कॉफीच्या मशीनची तक्रार घेतलीय, मोर्चा नाही.”

फोन वाजला. पलीकडच्या जर्मन बाईंनी सरावातलाच प्रसंग दिला. फ्राऊ म्युलर (म्हणजे म्युलरबाई) नावाच्या गिऱ्हाइकाला मोडकं मशीन मिळालंय, कधी मिळालं ते सांगा. ताईने ‘काल’ म्हणायला तोंड उघडलं आणि मी समोर पुठ्ठा नाचवला: पीडित आधी!! ती दचकली आणि फ्राऊ म्युलरपासून सुरू झाली. मग माझे हातवारे बघत काल, सकाळी, भर थंडीत, लहान मुलांच्या देखत... वाक्य फुगतच चाललं. क्रियापदाचा पत्ता नाही!

तेवढ्यात खालून सोसायटीचे सेक्रेटरी जिग्नेशभाई ओरडले, “पानी आ गया! बीस मिनिट!”

या हाकेला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी विचार करत नाही, पळतं. “वैशू, पिंप! पाइप धर!” आई ताईवर किंचाळली. आणि ताईने (देवाशपथ सांगतो!) रिसीव्हर माझ्या हातात कोंबला आणि ती गेली! क्रियापद न सांगता!

“या?” बाई म्हणाल्या. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’.

“या, या,” मी.

“या...?”

“या!”

बाई फोन ठेवेनात. वाक्य अर्धवट, ठेवणार कशा? तोंडात तयार असलेलं एकच भाषण बाहेर पडलं, “मॅडम! जनता को सिर्फ बीस मिनिट पानी? नहीं चलेगा! नहीं चलेगा!”

फोन कट.

ताई निथळत आली, रिसीव्हर हिसकावला आणि मेलेल्या फोनात शांतपणे म्हणाली, “बेकॉमेन.” म्हणजे, मिळालं.

नोकरी नाही मिळाली!

मी गप्प बसणार? दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या वेळेविरुद्ध पत्रक काढून जिन्यात ठेवलं. शेजारी ताईने तिचं ठेवलं: ‘या माणसाच्या हाती फोन देऊ नये.’ त्यावर आईची सही, जिग्नेशभाईंची सही, माझ्याच मोर्चातल्या पोरांच्या सह्या. माझ्या पत्रकावर एकच. माझी.

तेव्हा वाचकहो, विचार करत बसू नका, आत्ता येऊन माझ्या पत्रकावर सही करा. जिथे रांग दिसेल तिथे उभे राहू नका, ते ताईचं आहे!