मोठेबाबांचे नरम टायर

बाबांचा फोन आला तेव्हा मी नागपूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. दोनदा मी तो कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मॅडमनीच बाहेर जायची खूण केली. बाबा म्हणाले, "तू निघ." मी विचारलं, "मोठेबाबा?" बाबा पुन्हा तेच म्हणाले, "निघ ना तू. भेटेल त्या गाडीनं निघ." एवढ्यात मागून मोठीआईचा आवाज ऐकू आला, "तिले म्हणा, या हप्त्यात गाडी सरकवली नाही अजून." घरात माणूस गेलेलं असताना हे वाक्य ऐकून जमलेल्या बायकांना काय वाटलं असेल, कोण जाणे. मला मात्र ते कळलं. म्हणूनच हे लिहायला बसले आहे. मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे पत्र असो की अर्ज, घरचं सगळं लिहिणं माझ्याकडेच येतं. हे मात्र कोणी सांगितलेलं नाही...

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, आणि मोठीआई त्यांची बायको. आमचं गाव गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळापासून पायी जाण्यासारखं आहे. घरची धानाची शेती बाबांनी सांभाळली आणि मोठेबाबा विमानतळावर आगीच्या बंबावर ड्रायव्हर झाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मोठीआईची आणि माझी वेणी एकाच फणीनं, एकामागून एक व्हायची, इतकं ते घर माझं होतं. धावपट्टीवर मुलांना विमान शिकवायला आलेले एक कॅप्टन होते. त्यांच्याकडे दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी लाल गाडी होती. स्पोर्ट्स कार हा शब्द मी मोठेबाबांच्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकला. ते त्यांची ड्युटी संपली की ती गाडी पुसायचे, तिचं तेल पाहायचे. कॅप्टन परदेशी गेले, गाडी विमानतळावरच उभी राहिली, आणि काही वर्षांनी त्यांनी फोन करून सांगितलं की आता गाडी तुमचीच, आणि कागदही पाठवले. बैल विकून ट्रॅक्टर आल्यापासून आमचा कोठा रिकामाच होता. गाडी त्या कोठ्यात आली. गव्हाणीसमोर लाल गाडी! गावातले लोक हसले. "काहो, दूध किती देते?" असं विचारायचे. मोठेबाबा म्हणायचे, "पाहून घे बापा, शेपूट नाही तिले, पण लाथ मारते."

गाडी चालू झाली, पण ते ती रस्त्यावर काढेनात. मोठीआईनं एकदा विचारलं, "काऊन नाही काढत? टायर तर नवेच दिसून राह्यले. नक्षी पुरी शाबूत आहे." मोठेबाबांनी तिचा हात धरून टायरवर ठेवला आणि म्हणाले, "नख रोवून पाह्य." तिनं अंगठ्याचं नख दाबलं. काहीच उमटलं नाही. "पाह्यलं? उभ्या उभ्या म्हातारे झाले. नक्षी राह्यते, पण रबर आतून कडक होते. बाहेरून समजत नाही. अशा टायरवर जोरात गेलो अन् ब्रेक मारला, तर रस्ता धरतच नाही ते." मोठीआई हसली. "म्हणजे तुमच्यावानी," ती म्हणाली. ते त्यांच्या स्वभावाबद्दल होतं. आम्ही तिघंही हसलो होतो.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी त्यांना खोकला सुरू झाला. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं आणि मी तिथे शिकत असल्यामुळे मी बरोबर गेले. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला थांबवून घेतलं. त्यांची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत, ते थांबवणारं औषध नाही, एक-दोन वर्षं धरून चाला, असं ते इंग्रजीत म्हणाले. बहुधा दार उघडं होतं म्हणून इंग्रजीत. मी बाहेर आले तेव्हा मोठेबाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "एक-दोन सालच म्हणतात ना? तेवढं इंग्रजी येते मले. विमानवाल्याईत राह्यलो मी." मग बराच वेळ खोकले. पाणी प्यायले. "मोठीआईले सांगशील नोको. धान घरात येऊ दे, मग मीच सांगीन." मी मान हलवली. तेव्हापासून घरी गेले की मला मोठीआईच्या समोर बसवेनासं झालं. ती भात वाढताना नुसतं माझ्याकडे बघायची, तरी मी ताटातच बघत राहायचे. तिनं विचारलं तर? आणि नंतर कधी तिला कळलं की या पोरीला आधीपासून माहीत होतं... तर?

पोळ्याच्या आधी त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. टायर घ्यायचे होते. गोंदियात आमच्या ओळखीचे सेठ आहेत, त्यांचं दुकान ट्रॅक्टर आणि ट्रकच्या टायरांचं. या गाडीच्या मापाचे टायर त्यांनीही आधी पाहिले नव्हते. पण त्यांनी नागपूरहून दोन जातींचा एकेक टायर मागवून ठेवला होता. जो पसंत पडेल, त्याचे बाकीचे तीन मग येणार. मोठेबाबांचं ठरलेलं होतं. "नरमवालेच घेऊ," ते मला फोनवर म्हणाले होते, "लवकर घासतात, पण रस्ता असे धरतात की बस. मले कोणते दहा साल चालवायचे आहेत!" ते हे हसत म्हणाले होते. मला हसू आलं नाही. जायच्या दिवशी सकाळी आम्ही माप ताडून पाहायला एक जुनं चाक पोत्यात घालून निघालो, तर मोठीआई लुगडं बदलून दारात उभी. "मी पण येतो. पोळ्याचं सामान घ्यायचं आहे." मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. काळीपिवळीत आम्ही तिघं चिकटून बसलो, ती मधे. गोंदिया येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मी मनात एकच म्हणत होते, दुकानात टिकण्याचा विषय निघू नये.

तो पहिल्याच मिनिटाला निघाला. सेठनी दोन्ही टायर फुटपाथवर शेजारी शेजारी उभे केले. एकाची नक्षी बारीक आणि भरलेली. दुसऱ्याचे चर मोजके, रुंद, दोन्ही कडा जवळजवळ सपाट. मोठेबाबा उकिडवे बसले. बैल घेताना आजोबा बसायचे तसे, असं बाबा सांगतात. त्यांनी पहिल्या टायरवर हात फिरवला, मग दुसऱ्यावर फिरवला आणि तिथेच ठेवला. "वाच व, काय लिहिलं आहे बाजूले," ते मला म्हणाले. मी वाचायला लागले. माप वाचलं, वेगाच्या मर्यादेचं अक्षर वाचलं. पुढे झिजेचा आकडा होता. मी तिथे थांबले. सेठ म्हणाले, "पढ़ो ना बेटा, वही तो असली चीज है." मी वाचलं. बारीक नक्षीवाल्यावर पाचशे होते, रुंद चरवाल्यावर दोनशे. "मतलब काय याचा?" मोठीआईनं विचारलं. माझ्या आधी सेठच बोलले, "बहनजी, सीधी बात. ये पाँचसौ वाला पाँच-छह साल बिंदास चलेगा. और ये दोसौ वाला... पकड़ इसकी ऐसी कि रोड छोड़ेगा नहीं, पर दो साल में साफ. अब साहब को टिकाऊ चाहिए कि शौक पूरा करना है, वो आप लोग देख लो."

मोठीआईची साडी असो, बादली असो की कुकर, घेताना तिचा एकच प्रश्न असतो. तो तिनं आत्ताही विचारला, पण सेठना नाही. मोठेबाबांकडे बघून विचारला. "आपल्याले किती साल चालवायची आहे?"

बाजूला ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरण्याचं यंत्र धडधडत होतं, तरी मला तो प्रश्न घंटेसारखा ऐकू आला. मोठेबाबांना खोकला आला. त्यांनी रुमाल काढला. मी टायरवरची तीच तीच अक्षरं पुन्हा वाचत होते. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, श्वास जमवत उठले. आणि म्हणाले, "हेच द्या सेठ. कडकवाले. टिकाऊ घेतलेलं बरं." त्यांनी नरम टायरकडे पाहिलंसुद्धा नाही. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं, की ते कसं लिहावं मला कळत नाही. त्यांना जे हवं होतं ते समोर उभं होतं, आणि तिला कळू नये म्हणून ते पाच-सहा वर्षांचे टायर घेत होते.

सेठ पावती करायला वळले. मोठीआई खाली वाकली. तिनं आधी कडक टायरवर अंगठ्याचं नख दाबलं, मग नरम टायरवर. नरम टायरवर बारीकशी चंद्रकोर उमटली. तिनं ती पुसली नाही. वर न पाहता म्हणाली, "नाही सेठ. ते नोका देऊ. हे नरमवाले द्या. चारही."

"अवं," मोठेबाबा म्हणाले, "दोन सालात जातीन ते."

"जाऊ द्या."

"मग पुन्हा घ्या लागतीन."

"नाही लागत," मोठीआई म्हणाली. मग आवाज अगदी खाली आणून, "दोन साल तर दोन साल. पण रस्ता धरणारे घ्या."

सेठना यातलं काहीच कळलं नाही. ते खदाखदा हसले. "पहली बार देख रहा हूँ भाईसाहब, घरवाली बोल रही है जल्दी घिसने वाला दो! नसीबवाले हो." मोठेबाबा त्यांच्याकडे बघून हसले. हसता हसता त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. मोठीआईनं पोत्यातलं जुनं चाक नीट केलं, पोत्याचं तोंड बांधलं आणि म्हणाली, "चला, झुली घ्यायच्या आहेत." आमच्याकडे बैल नव्हतेच. तरी आम्ही झुलींच्या दुकानात गेलो आणि तिनं मातीच्या बैलांसाठी दोन लहान झुली घेतल्या.

त्या संध्याकाळी तिनं मला चुलीपाशी बोलावलं. मी मनाशी उत्तरं जुळवत गेले. ती म्हणाली, "तुले माहीत होतं." मी मान हलवली. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "बरं झालं. एकटे नव्हते ते." मग लाकूड आत सारत म्हणाली, "मले रिपोर्ट कायले पाह्यजे? रोज त्याईच्या पाठीले कान लावून झोपतो मी. आत कोणी वाळल्या तणसीवरून चालल्यावानी वाजते. आधी नव्हतं वाजत." मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस. "ते सांगतीन म्हणून वाट पाहून राह्यलो होतो," ती म्हणाली, "अन् ते कडकवाले टायर घेऊन राह्यले."

दिवाळीनंतर रस्ता कोरडा झाला आणि त्यांनी गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. मोठीआईनं चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. ते म्हणाले, "एवढे महागाचे टायर, अन् पहिलं काम लोणचं!" गाडीत दोनच जागा, म्हणून मी विमानतळाच्या भिंतीलगतच्या सरळ रस्त्यावर पुलियाच्या कठड्यावर बसून राहिले. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या होत्या. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा मोठीआईनं डोळे गच्च मिटले होते आणि मोठेबाबा लग्नातल्या नवरदेवासारखे ताठ बसले होते. आवाज चढत गेला, लांब गेला... आणि एकदम थांबला. मी वाट पाहिली. गाडी वळून यायला हवी होती. आली नाही. वळणापुढे काय आहे ते मला माहीत होतं, शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर येतात ती जागा, तिथे नेहमी चिखलाची ढेकळं पडलेली असतात. मी धावायला लागले. चप्पल कुठे सुटली, मला आठवत नाही.

वळणापलीकडे एक ट्रॅक्टर आडवा उभा होता आणि त्याच्यापासून दोन हातांवर ती लाल गाडी, सरळ, आपल्या बाजूला. ट्रॅक्टरवाला उतरून कपाळ पुसत होता. मोठेबाबा दार उघडून पाय बाहेर टाकून बसले होते आणि मोठीआई रस्त्यावर उभी राहून त्यांची पाठ चोळत होती. त्यांना बोलता येत नव्हतं. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला तेव्हा त्यांनी मागे, डांबरावर उमटलेल्या दोन काळ्या पट्ट्यांकडे बोट केलं. "पाह्य," ते मला म्हणाले, "धरला ना रस्ता?" मोठीआई म्हणाली, "मीच घेतले ते." आणि तिथे, त्या ट्रॅक्टरवाल्यासमोर, ती पहिल्यांदा रडली.

पुढे त्यांनी ती गाडी किती चालवली? फार नाही. श्वास पुरेना तेव्हा गाडी पुन्हा कोठ्यात गेली. तरी दर आठवड्याला ते आम्हाला ती हातभर पुढे ढकलायला लावायचे, पुढच्या आठवड्यात हातभर मागे. "एकाच जागी उभी राह्यली का टायर बसते," म्हणायचे. शेवटी शेवटी ते खाटेवरूनच विचारायचे, "सरकवली का?" डॉक्टर म्हणाले होते तेवढेही दिवस मिळाले नाहीत. दोन सालात जाणार होते ते टायर अजून अर्धेही घासलेले नाहीत. नवीन टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते आतल्या बाजूला अजून तसेच आहेत.

परवा घरी गेले होते. सकाळी मोठीआईनं हाक मारली. गाडीवरची ताडपत्री आम्ही दोघींनी काढली, मागून जोर लावला, गाडी गव्हाणीकडे हातभर सरकली. मी विचारलं, मोठीआई, आता कोण चालवणार आहे, विकायची का? ती मागच्या चाकाशी वाकली, अंगठ्याचं नख रबरात रोवलं आणि हात काढून बघत राहिली. चंद्रकोर उमटली होती. हळूहळू ती भरून आली.

"नरम आहे अजून," ती म्हणाली, आणि पदरानं हात पुसला.