वळणावरची कमलाबाई

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी वड्याखाली जाते. डेस्कवर कापलेली मात्र पोटात राहते आणि चार माणसं चहाला बसली की बाहेर पडते. रस्तादुरुस्तीच्या गँगवर मी दर हिवाळ्यात लिहितो आणि दर हिवाळ्यात ते कापलं जातं. ‘‘यवतमाळात काय बर्फ पडतो? हिवाळ्यात कसली सेफ्टी?’’ असं आमचे उपसंपादक मला विचारतात. बर्फ नाही पडत हो! सकाळी धुकं पडतं, आणि त्या धुक्यातून कापसाचा ट्रक येतो!

तर हे सगळे कापलेलेच किस्से.

*

घाटंजीच्या अलीकडे एका वळणावर गँगचं काम चालू होतं. ठेकेदाराशी कडाकडा भांडलो, तेव्हा कुठे सगळ्यांना चमकत्या पट्ट्यांची जॅकेटं मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसेने बघायला गेलो, तर एकाच्याही अंगावर जॅकेट नाही! नुसती काळी स्वेटरं, घोंगड्या आणि कानटोप्या.

‘‘जॅकेटं विकून खाल्ली काय?’’ मी मुकादमावर ओरडलो.

‘‘काहून विकू जी? सगळ्याईनं घातले!’’ मुकादम उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी स्वेटर वर केलं. जॅकेट आत, थेट बनियनवर!

‘‘अहो, ते ट्रकवाल्याला दिसायला पाहिजे!’’

‘‘ट्रकवाल्यासाठी वरतून घालू, तं आमचं हिव कोन काढन?’’

*

त्याच वळणाच्या तोंडाशी कमलाबाई लाल झेंडा घेऊन गाड्या थांबवायची. धुक्यात ड्रायव्हरला बाई दिसायची ती अगदी बोनेटसमोर आल्यावर. तिची मागणी एकच: वळणाच्या बरंच अलीकडे, लांबून दिसेल अशी मोठी पाटी लावा. मी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा कापलं.

एकदा तिच्यासमोर एक जीप करकचून थांबली. मला वाटलं, आता भांडण! तर आतलं अख्खं कुटुंब खाली उतरलं, चपला काढल्या आणि झेंड्याला हात जोडले.

‘‘बाई, देवाचा भंडारा कुठं हाय?’’

‘‘भंडारा नाई बाप्पा, रस्ता खोदला हाय! हळू जा!’’

गृहस्थाने चपला पायात सरकवत हळूच विचारलं, ‘‘म्हणजे जेवन नाई?’’

*

मग पाटी नाही तर नाही, ठेकेदाराने निदान शंकू तरी द्यावेत म्हणून मी पुन्हा भांडलो. ते नारिंगी, प्लास्टिकचे. आले! रात्रीतून गायबही झाले! शोधत शोधत गेलो, तर बाजूच्या तुरीच्या बांधावर ओळीने उभे.

शेतकरी जराही लाजला नाही. ‘‘रानडुकरं लई माजले भाऊ. हे चमकलं की पळतेत!’’

‘‘आणि आमच्या माणसांवर ट्रक आला म्हणजे?’’

‘‘मंग तुमीच सांगा, ट्रकवाले भेतेत काय याले?’’

उत्तमराव माझ्या कानाशी लागले. ‘‘राहू द्या जी. डुकराईले तरी अक्कल हाय.’’

*

गँगची तक्रार वरपर्यंत गेली, तेव्हा वरून पाटी आली नाही, प्रशिक्षण आलं! एक साहेब लॅपटॉप घेऊन आले. पडद्यावर कुठल्यातरी परदेशातला रस्ता, दोन्ही बाजूंना पुरुषभर बर्फ. साहेब सांगत होते, ‘‘अशा वेळी वाहनाच्या टायरला साखळ्या बांधाव्यात.’’

उत्तमरावांनी हात वर केला. ‘‘साहेब, बैलाची साखळी चालन काय?’’

हशा ओसरल्यावर कमलाबाई उठली. ‘‘साहेब, माह्या वळणावर पाटी कवा लागन?’’

‘‘बाई, तो आजचा विषय नाही!’’ साहेब म्हणाले आणि बर्फाचा पुढचा फोटो आला.

*

पुढे सुरक्षेच्या कार्यक्रमाला हेच साहेब स्वतः वळणावर आले. धुकं उठलं नव्हतं. ब्लेझरवर कोरं करकरीत जॅकेट. पट्ट्या अशा की डोळे दिपावेत!

कमलाबाईने पुन्हा विचारलं, ‘‘साहेब, पाटी?’’

‘‘पाटी कशाला हवी?’’ साहेब खुशीत होते. ‘‘माणूस झेंडा घेऊन उभा असला की पुरे! द्या इकडे तो झेंडा. अहो पत्रकार, एक फोटो घ्या!’’

आणि साहेब नेमके तिच्या जागी जाऊन उभे राहिले. झेंडा उंच, छाती पुढे. मी मोबाईल काढला. ‘‘जरा डावीकडे, साहेब...’’

हॉर्न ऐकू आला तेव्हा ट्रक दिसतही नव्हता. मग एकदम दोन पिवळे दिवे आणि दोन्ही अंगांनी फुगलेला कापूस! उत्तमरावांनी कमलाबाईला दंडाला धरून मागे ओढलं. ब्रेक किंचाळले. ट्रक थांबला तो साहेब उभे होते बरोबर तिथे.

साहेब तिथे नव्हते. रस्त्यावर नुसता झेंडा पडला होता.

ड्रायव्हर खाली उतरून चाकांखाली वाकून बघू लागला. एवढ्यात नालीतलं घाणेरीचं झुडूप हललं. आधी जॅकेट चमकलं, मागून साहेब आले. एका पायात बूट, ब्लेझरला गोखरूच गोखरू!

कमलाबाईने झेंडा उचलला, धूळ झटकली, नालीच्या काठाशी गेली आणि वाकून पुढे केला.

‘‘घ्या साहेब,’’ ती म्हणाली, ‘‘फोटो राह्यला.’’