आतले लोक

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. एक माणूस आरमोरीकडच्या जीपमधून उतरून एकदाच आला. चपला बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. ठोकळ्यांचं जग बांधायचा तो गेम त्याच्या सगळ्या गावाला मिळून खेळता यावा, असा सर्व्हर त्याला हवा होता.

मी दोन सॉफ्टवेअर दाखवली. एक हलकं, खेळणारं कोणी नसलं की ते जग आहे तिथंच थांबवतं. दुसरं जड, ते कधीच थांबत नाही. मी म्हटलं, हलकंच घ्या.

"नाई भाऊ. आपण नसताना थांबवलं, तर आतल्यायनं काय करावं? उभंच राहावं काय?"

मी हसलो. तो हसला नाही. जड सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि गेममधल्या जंगलाच्या वाटेवर हिरव्या पानांचा एक ठोकळा ठेवला. आमच्याकडे जंगलात शिरताना वाटेवरच्या देवाला डहाळी वाहतात, अगदी तसा.

सर्व्हर माझ्याच दुकानात ठेवून तो गेला. खेळायला मात्र त्याच्या गावचं कोणीच आलं नाही. मशीन फुकट तापत होतं, म्हणून एका संध्याकाळी मी हलकं सॉफ्टवेअर टाकलं.

सकाळी गेमच्या आत शिरलो. रात्रभर ते जग थांबलेलं असायला हवं होतं. गेमनंच चालवलेले ते ठोकळ्यांचे गावकरी, सगळेच्या सगळे, त्या पानांभोवती उभे होते. तोंडं माझ्याकडे.

जड सॉफ्टवेअर पुन्हा सुरू आहे. मशीन तापतं, तापू दे. मी आत जात नाही. फक्त दुकान बंद करताना स्क्रीनकडे पाठ करत नाही.