उद्देशाने

जंगलातल्या पोलीस ठाण्यात तक्रारी लिहून घेणारा तो रायटर कानावर पेन खोचूनच गडचिरोलीच्या कोर्टात यायचा. मी तिथे वकिली करायचो. मारामारीची तक्रार कोणाचीही असो, "जीवे मारण्याच्या उद्देशाने" हे शब्द त्याच्या हातून आपोआप उतरायचे. मागे चार-पाच कलमं जोडायचा आणि मला हसत सांगायचा, "वकीलसाहेब, एक सुटलं तं दुसरं पकडते."

धानाच्या बांधीवरून, म्हणजे शेताच्या एका तुकड्यावरून, दोन भाऊ भांडले. धाकट्याने काठी हाणली, थोरल्याचं डोकं फुटलं, पण तो वाचला. तक्रार थोरल्याच्या बायकोने दिली. धाकट्याचा वकील मी. पाच कलमांतली चार हलकी होती. पाचवं खुनाच्या प्रयत्नाचं, त्यात धाकट्याला सात वर्षांची शिक्षा लागली.

निकालानंतर व्हरांड्यात ती बाई रायटरला म्हणाली, "भाऊ, दिरानं रागात मारलं, असं सांगतलं होतं मी. हे उद्देश काय असते?"

त्याने कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "वकीलसाहेब, तुमी काऊन नाई इचारलं बाईले?"

उलटतपासणीत मी तिला काठीची लांबी विचारली होती.