बिनदुधाचा चेअरमन

बाळासाहेब दूध संस्थेचे चेअरमन होते आणि बिनदुधाची कॉफी पीत. महाळुंगे पडवळमध्ये याहून कमी कारणावरून सत्ता गेलेली आहे.

दोष तसा संस्थेचाच. संचालक मंडळाचा अभ्यास दौरा कर्नाटकात गेला होता. अभ्यासाला निवडलेली डेअरी नेमकी त्या दिवशी बंद. मग मंडळाने चिकमगळूरला जाऊन कॉफीच्या मळ्याचा अभ्यास केला. बाकीच्यांनी झाडांना टेकून फोटो काढले. बाळासाहेबांनी मळेवाल्याने दिलेला काळा घोट घेतला आणि ते तिथेच उभे राहिले. गाडीने हॉर्न वाजवला. ते हलले नाहीत. पन्नाशी उलटलेला माणूस प्रेमात पडताना बघणं अवघड असतं. मंडळाने दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

गावी परतल्यावर हा ताप उतरेल असं सगळ्यांना वाटलं. पण वारूळवाडीत परवेज होता. परवेज जुन्नरचा, घरचा धंदा मसाल्याचा. त्याने कॉफीचं दुकान काढलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, की मिरी विकून घर उभं राहिलं, आता करपलेल्या बिया विकून आडवं कर. बाळासाहेब त्याचे पहिले कायमचे गिऱ्हाईक. बराच काळ एकमेव.

परवेजने त्यांना एकेक मुलूख दाखवला. कूर्गच्या कॉफीत त्यांना गुळाची ढेप फोडल्याचा वास आला. अराकूच्या कॉफीत संत्र्याची साल. केनियाची तोंडात घेतली आणि ते दचकले.

"परवेज, हिच्यात टोमॅटो हाय!"

"बरोबर, काका. केनियात लागतो तसा."

नारायणगावच्या बाजारात आयुष्यभर टोमॅटोच्या क्रेट उचललेल्या माणसाने टोमॅटोची चव केनियाहून मागवावी, याचं त्यांच्या बायकोला, उज्ज्वलाला, फार वाटलं. गोठा तिच्या अंगावर होता. चार गायी, पहाटेची धार, शेणघाण. नवऱ्याला त्यातलं एक थेंब दूध चालत नव्हतं.

"गायीसमोर बसून पीत जाऊ नका," ती म्हणाली. "तिला कळतं."

पिण्याची त्यांची रीत ठरलेली होती. बिया हातचक्कीवर दळायच्या. पाणी उकळून थोडं निववायचं. कॉफी कपात घ्यायची आणि बशीत ओतून प्यायची. परवेजला बशी पाहून पहिल्यांदा घेरी आली होती. बाळासाहेब म्हणाले, वास कपात कोंडतो, बशीत मोकळा होतो. पहिला घोट तोंडात घेतला की डोळे मिटायचे, मान खाली घालायची आणि घोट बराच वेळ तसाच धरायचा. कप संपेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. वाफेने डोळ्यांना पाणी आलं तर पुसायचं नाही. त्या वेळात मुख्यमंत्र्यांचा फोन आला असता तरी त्यांनी घेतला नसता. अजून आलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

एकदा त्यांनी संस्थेच्या मशीनवर कॉफीची फॅट काढली. शून्य आली. मशीन बिघडलं असं समजून सचिवाने ते दिवसभर बंद ठेवलं.

मग निवडणूक लागली.

समोर कुशाबाचं पॅनल होतं. कुशाबा म्हणजे बाळासाहेबांचा शाळेपासूनचा वैरी. त्याच्याकडे मुद्दा एकच होता, पण तो पुरेसा होता. चौकात उभं राहून तो विचारायचा, "जो चेअरमन स्वतः दूध पीत न्हाई, त्यो तुमच्या दुधाला काय भाव देणार, राव?" लोक हसायचे. हसणारा माणूस मत कुठे देतो हे बाळासाहेबांना ठाऊक होतं. खुर्ची जाणार हे त्यांना दिसू लागलं. ती खुर्ची गेली तर आपण म्हणजे फक्त उज्ज्वलाच्या गोठ्यातले एक बिनकामाचे इसम, हेही दिसू लागलं.

शहाण्या माणसाने अशा वेळी चार दिवस चौकात बसून दुधाचा चहा प्याला असता. बाळासाहेबांनी ठरवलं, की गावाला कॉफीच पाजायची. एकदा चांगली कॉफी तोंडाला लागली की विरोध संपेल. परवेजने नुकतीच इथिओपियाची आणली होती. तिला जाईच्या फुलांचा वास होता. जाईच्या वासापुढे कुशाबा काय टिकणार?

मुहूर्त त्यांनी अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळचा धरला. कुंपणावरच्या सभासदांना घरी बोलावलं. उज्ज्वलाने दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. त्यांनी ते उतरवलं.

"हिच्यात दूध म्हंजी गुन्हा."

"आन आल्या माणसाला कोरं पाजणं म्हंजी?"

"तुला न्हाई कळायचं."

ती उंबऱ्यात जाऊन बसली. तोंड उतरलेलं, पदर डोक्यावर. पुढचं सगळं तिला तिथून दिसत होतं, आणि तिने एका शब्दाने मदत केली नाही.

गावाची एक रीत आहे. ज्या घरात मयत होते, त्या घरी दूध चुलीवर चढत नाही. भेटायला येणाऱ्याच्या हातात कोरा चहा पडतो. ही रीत पोराटोरांनाही माहीत आहे. बाळासाहेबांनाही होती. पण प्रेमात पडलेल्या माणसाला माहीत असलेलं आठवत नाही.

सभासद आले, ओट्यावर बसले. हातात काळे कप आले. एकाने कपात पाहिलं, मग दुसऱ्याकडे पाहिलं. चटकन टोप्या उतरल्या. कोणी काही बोललं नाही, कारण अशा वेळी घरच्यांनी सांगेपर्यंत बोलायचं नसतं. लोक शांत झाले ते वासाने, असं बाळासाहेबांना वाटलं. त्यांनी समाधानाने बशी उचलली, पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि मान खाली घातली.

नेमक्या त्या वेळी शेजारची कोंडाबाई आली. तिने काळे कप पाहिले. उघडी डोकी पाहिली. उंबऱ्यातली उज्ज्वला पाहिली. मान खाली घालून बसलेले आणि डोळ्यांतून पाणी गाळणारे चेअरमन पाहिले.

"आगं बया! कोन गेलं वं बाळासाहेब?"

बाळासाहेबांच्या तोंडात इथिओपिया होता. त्यांनी नुसता हात वर केला. 'थांब' असा त्याचा अर्थ होता. कोंडाबाईने तो वर, आकाशाकडे गेलेला हात पाहिला आणि गळा काढला.

तिच्या गळ्याला गावात तोड नाही. कप संपून बाळासाहेबांनी डोळे उघडले, तोवर वस्तीवरच्या बायका येऊन बसल्या होत्या. एकीने उज्ज्वलाला मिठी मारली होती. उज्ज्वला मिठीतून त्यांच्याकडे बघत होती. नजरेत एकच: सांगा आता.

ते सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण तेवढ्यात एक सभासद कानाशी आला आणि म्हणाला, "चेअरमन, दुःखात इलेक्शनचा विचार करू नका. कुशाबाला निरोप गेलाय."

बाळासाहेबांनी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. आणि सवयीने दुसरा कप भरून बशी उचलली. अशा प्रकारे ते खोटं एक अक्षरही बोलले नाहीत.

दुपार कलल्यावर कुशाबा स्वतः आला. शाळा सुटल्यापासून त्याने या ओट्यावर पाय ठेवला नव्हता. त्याने टोपी काढली, बाळासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"समद्यांचे अर्ज काढून घेतले. मयताच्या घराशी भांडायचं न्हाई, आमच्यात न्हाई तसलं."

बाळासाहेब पुन्हा चेअरमन झाले होते. बिनविरोध. काहीतरी हातात द्यायचं म्हणून त्यांनी कुशाबाला कॉफी दिली. कुशाबाने वास घेतला नाही, तोंड वाकडं केलं नाही. कडू औषध घ्यावं तशी तळापर्यंत प्याला. मग कप खाली ठेवून हळूच विचारलं, "कोन गेलं, बाळ्या?"

शाळेनंतर बाळ्या कोणी म्हटलं नव्हतं. एखादी लांबची आत्या या क्षणी सहज मरू शकली असती. बाळासाहेबांनी आत्या शोधली. सापडली नाही. अशा अडचणीत दुसरं काही न सुचल्यामुळे ते खरं बोलले.

"कुनी न्हाई. ही कॉफी हाय. इथिओपियाची."

कुशाबा कपाकडे बघत राहिला. उंबऱ्यातून उज्ज्वला म्हणाली, "भाऊजी, दुधाचा चहा टाकू का?"

"टाका वैनी. दोन टाका. त्यो बी पिईल."

तो बाळासाहेबांना प्यावा लागला. कुशाबा समोर बसून बशी रिकामी होईपर्यंत बघत होता. गावाला त्याने काही सांगितलं नाही. सांगून स्वतःचं हसं कोण करून घेईल? कोणीतरी लांबचं गेलं असेल, असं गावाने धरलं. पण पहिल्या सभेत त्याने उभं राहून सुचवलं, की ज्याच्या घरी दुःख नाही त्याने गावात कोरं पिणं अशुभ, चेअरमननी तर मुळीच पिऊ नये. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळी त्यांनी सभासदांसमोर दुधाचा चहा घ्यावा. कोंडाबाई मागून ओरडली, "बराबर हाय!" बाळासाहेबांनी मान हलवली. खुर्चीवर बसून दुसरं काय हलवणार?

तेव्हापासून ते रोज दोन वेळा साय आलेला चहा पितात, आणि तालुक्यात कुठे मयत झाली की सर्वांत आधी पोचतात. घोडेगाव असो, मंचर असो. मयताच्या घरी कोणी कोऱ्याला नाव ठेवत नाही. सोबत थर्मास असतो. लोकांना वाटतं, दुःखाच्या घरावर आपल्या चहाचा भार नको म्हणून माणूस घरून आणतो. ते कोपऱ्यात बसतात, बशी भरतात, डोळे मिटतात, मान खाली घालतात. त्यांच्याइतकं मनापासून कोणी बसत नाही, असं बायका एकमेकींना सांगतात. पुढच्या निवडणुकीला त्यांच्यासमोर उभं राहायला कोणी तयार नाही.

परवा परवेजचा फोन आला. नवीन केनिया आला होता.

"काढून ठेव," बाळासाहेब म्हणाले. "गावात एक म्हातारं लई आजारी हाय."

"काका, अहो!"

"तसं न्हाई रे. बरं होऊ दे त्याला, माझं काय म्हननं न्हाई." त्यांनी थर्मास हलवून पाहिला. "पन दळूनच ठेव. ऐन वेळेला चक्की फिरवत बसता येत न्हाई."